रेल्वेचा प्रवासी डबा : राजकीय जीवनात व व्यंगचित्रांत

आगगाडीच्या ज्या वाहनात उतारू बसतात, त्यास प्रवासी डबा म्हणतात. वाहतुकीचे साधन या नात्याने त्याची रचना, बांधणी व प्रकार हा यंत्रशास्त्राचा विषय होय. प्रस्तुत नोंदीत त्याच्या दुसऱ्या अंगाचा, म्हणजे सार्वजनिक व राजकीय जीवनातील त्याच्या स्थानाचा आणि त्यावर आधारलेल्या व्यंगचित्रांचा विचार केला आहे. डबा ही मर्यादित जागा असते; तिला दार असते; आत किती जणांनी बसावे याचा आकडा भिंतीवर लिहिलेला असतो आणि बाहेर त्याहून अधिक माणसे उभी असतात. कोणी आत बसावे, कोणत्या बाकावर बसावे आणि कोणास बाहेर ठेवावे, हे प्रश्न डब्यात रोजच्या व्यवहारातले असतात. राजकारणाचेही मूळ प्रश्न हेच आहेत. मराठीत ‘जागा’ हा शब्द डब्यातील आसनास आणि विधिमंडळातील सदस्यत्वास सारखाच लागू पडतो. ‘आरक्षण’ या शब्दाचेही तसेच आहे.

वर्गभेद व बैठकव्यवस्था : भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी सु. ३४ किमी. धावली. तिच्या १४ डब्यांत सु. ४०० निमंत्रित होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने हाच मार्ग पुढे कल्याणवरून उत्तरेकडे नेला. थळ घाटातील मार्ग १८६५ साली खुला झाल्यावर मुंबई ही नासिक, मनमाड, नांदगाव व भुसावळ या गावांशी सलग जोडली गेली. निजामाच्या राज्यातील मनमाड-औरंगाबाद मार्ग १९०० च्या सुमारास सुरू होईपर्यंत वेरूळची लेणी पाहण्यास जाणारे प्रवासी नांदगाव स्थानकावर उतरत व तेथून बैलगाडीने किंवा टांग्याने पुढे जात. त्यामुळे पहिल्या वर्गाने येणारे युरोपीय प्रवासी आणि तिसऱ्या वर्गातून उतरणारे शेतकरी व यात्रेकरू एकाच फलाटावर दिसत. फलाट एक असला, तरी डबे वेगळे होते.

हा वेगळेपणा केवळ भाड्याचा नव्हता. पहिल्या वर्गात गादीची बैठक, प्रशस्त कप्पा व स्वतंत्र शौचालय असे. तिसऱ्या वर्गात लाकडी बाके असत व प्रारंभी शौचालयही नसे. १८७० नंतरच्या काळात काही रेल्वेमार्गांवर बाकेच नसलेला चौथा वर्गही होता. युरोपीय व अँग्लो-इंडियन उतारूंसाठी काही कप्पे राखून ठेवण्याची पद्धत होती. तिच्याविरुद्ध वृत्तपत्रांतून व पुढे विधिमंडळांतून तक्रारी झाल्या. पहिल्या वर्गाचे तिकीट असलेल्या भारतीय उतारूस गोऱ्या सहप्रवाशाने आत येऊ न देण्याचे प्रसंगही घडत. एकूण उतारूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक तिसऱ्या वर्गाने जात. म्हणजेच ज्यांच्या संख्येवर प्रवासी वाहतूक उभी होती, त्यांनाच कमीत कमी सोयी मिळत. भारतीय वृत्तपत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा मुद्दा सातत्याने मांडला. सर विल्यम ॲक्वर्थ यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे समितीने (१९२०-२१) या तक्रारींची दखल घेतली व प्रवाशांचे म्हणणे ऐकण्यासाठी सल्लागार समित्यांची शिफारस केली.

वर्गाच्या जोडीला जातीचा व धर्माचा भेदही प्रवासात होता. तथापि त्याचे स्वरूप निराळे होते. डब्यात तिकीट पाहिले जाई, जात पाहिली जात नसे. एका बाकावर कोण कोणाशेजारी बसेल, हे ठरविणे कोणाच्या हाती नव्हते. फलाटावर मात्र ‘हिंदू पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी सोय विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या बालपणातील एक प्रसंग नमूद केला आहे. १९०१ च्या सुमारास ते व त्यांची भावंडे वडिलांना भेटण्यासाठी सातारहून आगगाडीने मसूर येथे उतरली. प्रवास आनंदात झाला होता. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. परंतु ती महार असल्याचे ऐकताच तो मागे सरला. पुढे बैलगाडीवाल्यांनीही त्यांना नेण्याचे नाकारले. डब्यातील सहवास फलाटापलीकडे टिकत नाही, हे त्या मुलांना तेथे कळले.

तिसरा वर्ग व राष्ट्रीय चळवळ : डब्याची निवड ही राजकीय कृती असू शकते, हे भारतात प्रथम महात्मा गांधींनी दाखविले. दक्षिण आफ्रिकेत ७ जून १८९३ रोजी, पहिल्या वर्गाचे तिकीट जवळ असतानाही, त्यांना पीटरमॅरिट्झबर्ग स्थानकावर डब्याबाहेर काढण्यात आले. हा प्रसंग सर्वपरिचित आहे. त्याहून कमी परिचित, परंतु भारतीय राजकारणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रसंग १९०२ सालचा होय. गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे काही दिवस राहिल्यानंतर गांधींनी कलकत्त्याहून राजकोटपर्यंत तिसऱ्या वर्गाने प्रवास करण्याचे ठरविले. गोखल्यांना ही कल्पना प्रथम रुचली नाही. परंतु हेतू कळल्यावर त्यांनी पुऱ्या व गोड पदार्थ भरलेला धातूचा डबा गांधींना दिला आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासह ते निरोप देण्यास स्थानकावर आले. तुम्ही पहिल्या वर्गाने निघाला असता तर मी आलो नसतो, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढल्याचे गांधींनी आत्मकथेत सांगितले आहे. रेशमी पगडी घातलेल्या गोखल्यांना फलाटावर कोणी अडविले नाही. बंगाली वेषातील राय यांना मात्र तिकीट तपासनिसाने थांबविले आणि गोखल्यांनी ओळख सांगितल्यावरच आत सोडले.

१९१५ मध्ये भारतात परतल्यावर गांधींनी तिसऱ्या वर्गाचा प्रवास हा नियमच केला. सप्टेंबर १९१७ मध्ये मुंबई ते मद्रास असा प्रवास केल्यानंतर रांचीहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी डब्याची स्थिती तपशीलवार मांडली. त्या डब्यावर बावीस उतारूंचा आकडा लिहिलेला होता व तोही केवळ बसण्यापुरता. प्रवासाच्या बऱ्याच भागात पस्तीसांहून कमी माणसे आत नव्हती. काही जण घाणीतच खाली पडून होते, तर काही उभे होते. पुण्यापर्यंत आकडा ओलांडला गेला नाही याचे कारण त्यांनी परखडपणे दिले आहे : आत बसलेल्यांपैकी धीट उतारूंनी बाहेरच्यांना थोपवून धरले होते. रायचूरनंतर मात्र तेही शक्य झाले नाही. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटींहून अधिक असले, तरी तिसऱ्या वर्गाच्या उतारूस त्या सोयींचा पाचवा हिस्साही मिळत नाही, असा हिशेब त्यांनी मांडला. या पत्रात दोष केवळ रेल्वे कंपनीस दिलेला नाही. उतारूंची अस्वच्छता व परस्परांविषयीची बेपर्वाई यांवरही टीका आहे. या दुहेरी दृष्टीमुळे हे लेखन सामान्य गाऱ्हाण्याहून वेगळे ठरते.

चळवळीच्या काळात डबा हे प्रचाराचे व्यासपीठही झाले. नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याहून सुरू झालेल्या हरिजन दौऱ्यात गाडी थांबेल तेथे खिडकीतून हात पुढे करून गांधी निधी गोळा करीत. सरकारनेही डब्याचा उपयोग केला. २२ जुलै १९०८ च्या रात्री शिक्षा सुनावल्यावर लोकमान्य टिळकांना मुंबईहून विशेष गाडीने साबरमतीस नेण्यात आले. एप्रिल १९१९ मध्ये पलवल येथे गांधींना गाडीतून उतरवून अटक करण्यात आली. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत पकडलेल्या नेत्यांना घेऊन व्हिक्टोरिया टर्मिनसवरून एक विशेष गाडी निघाली. गांधींना चिंचवड येथे उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले आणि काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य अहमदनगरच्या किल्ल्याकडे रवाना झाले. पुणे स्थानकावर जमलेल्या लोकांवर पोलीस लाठीमार करीत असल्याचे पाहून जवाहरलाल नेहरू डब्यातून बाहेर उडी घेऊन धावले, असे मौलाना आझाद यांनी लिहिले आहे. फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधींच्या अस्थी दिल्लीहून अलाहाबादला नेताना विशेष गाडीस तिसऱ्या वर्गाचेच डबे जोडण्यात आले.

मनमाडची परिषद : नांदगाव तालुक्यातील मनमाड या जंक्शनावर १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी. आय. पी. रेल्वेवरील अस्पृश्य कामगारांची परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. ब्राह्मण्य व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे प्रसिद्ध प्रतिपादन याच परिषदेतील आहे. ब्राह्मण्य म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा अभाव, असे त्यांनी स्पष्ट केले. रेल्वेसंबंधीचा त्यांचा मुद्दा अगदी व्यवहारातला होता. अस्पृश्य कामगार रुळांवर गँगमन म्हणून लागतो व बहुधा गँगमन म्हणूनच राहतो. त्यास हमालाची जागाही मिळत नाही, कारण हमालाने स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी अशी अपेक्षा असते आणि तेथे अस्पृश्याचा स्पर्श चालत नाही. गांधींनी डब्याच्या आतील विषमता मांडली, तर आंबेडकरांनी ज्यांच्या श्रमावर गाडी चालते त्यांच्यातील विषमता मांडली. रेल्वेविषयीच्या राजकीय विचारात ही दोन्ही अंगे एकत्र पाहणे आवश्यक ठरते.

अमेरिकेशी तुलना : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रवासी डब्याचे राजकीय स्थान दोन भिन्न वाटांनी घडले. तेथील काही खास डब्यांच्या मागील टोकास उघडा सज्जा असे. उमेदवार त्या सज्ज्यावर उभा राही, गाडी लहानशा गावी काही मिनिटे थांबे, भाषण होई आणि गाडी सुटे. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी १९४८ च्या निवडणुकीत ‘फर्डिनंड मॅगेलन’ नावाच्या डब्यातून केलेला देशव्यापी प्रचार हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण होय. त्यांचा पराभव झाल्याची चुकीची बातमी छापलेले वृत्तपत्र उंचावून दाखवितानाचे त्यांचे प्रसिद्ध छायाचित्र अशाच सज्ज्यावरील आहे. विमान व दूरचित्रवाणी यांच्या प्रसारानंतर ही पद्धत मागे पडली. अब्राहम लिंकन यांचे शव १८६५ मध्ये वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला आगगाडीनेच नेण्यात आले होते.

दुसरी वाट वर्णभेदाची होती. ७ जून १८९२ रोजी, म्हणजे पीटरमॅरिट्झबर्गच्या प्रसंगाच्या बरोबर एक वर्ष आधी, होमर प्लेसी हे लुइझिआनात मुद्दाम गोऱ्यांसाठी राखलेल्या डब्यात बसले व त्यांना अटक झाली. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये ‘वेगळे परंतु समान’ हे तत्त्व मान्य केले. शाळांसह सर्व सार्वजनिक जीवनातील विभक्ततेस १९५४ पर्यंत याच निकालाचा आधार मिळत राहिला. एका डब्यातील बाकाचा वाद राष्ट्राच्या घटनात्मक इतिहासात सहा दशके घर करून राहिला.

भारतात सज्ज्यावरील भाषणाची पद्धत रुजली नाही. गाडीच्या शेवटी सामान्यतः गार्डचा डबा असे. त्यामुळे नेता दारातून किंवा खिडकीतून बोले व श्रोते फलाटभर पांगलेले असत. पुढे निवडणूक-प्रचारासाठी मोटारीवरील ‘रथ’ अधिक सोयीचा ठरला. अमेरिकेत नेता डब्याच्या टोकावर उभा राहिला, तर भारतात तो कोणत्या वर्गात बसला हे लोकांनी पाहिले. सलूनमधून फिरणारा अधिकारी किंवा मंत्री आणि तिसऱ्या वर्गात बसणारा कार्यकर्ता ही तुलना म्हणूनच येथे कायम राहिली. राष्ट्रपतींसाठी ९००० व ९००१ या क्रमांकांचे जोडडबे होते. २००३ मध्ये ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी बिहारमधील प्रवासासाठी त्यांचा उपयोग केला.

वर्गभेद कमी करण्याचे प्रयत्न : स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये जुना पहिला वर्ग रद्द करून उरलेल्या वर्गांची नावे बदलण्यात आली व १ एप्रिल १९७४ पासून ‘तिसरा वर्ग’ हे नाव नाहीसे झाले. नाव बदलले, तरी लाकडी बाके तशीच राहिली. त्याच वर्षी मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला, सु. वीस दिवसांनी तो मागे घेण्यात आला व हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. १९७७ मध्ये मधु दंडवते (१९२४-२००५) रेल्वेमंत्री झाले. अहमदनगरात जन्मलेले व मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकी शिकविणारे दंडवते कोकणातील राजापूर मतदारसंघातून निवडून येत. त्यांनी संपातील बडतर्फ कामगारांना पुन्हा कामावर घेतले. दुसऱ्या वर्गाच्या शयनयान डब्यातील लाकडी बाकांवर दोन इंच जाडीचे फोम बसविण्याचा निर्णयही त्यांचाच. पहिला वर्ग खाली ओढण्यापेक्षा दुसरा वर्ग वर आणावा, अशी त्यांची भूमिका होती. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस ही वर्गविरहित गाडी सुरू झाली. ती नासिक, मनमाड, नांदगाव, भुसावळ या मार्गानेच धावते. पुढे तिलाही वातानुकूलित वर्गाचे डबे जोडले गेले. दोन इंचांचे फोम मात्र सर्व देशभर पसरले आणि टिकले. भारतीय रेल्वेच्या इतिहासात इतक्या साध्या निर्णयाने इतक्या उतारूंच्या रात्री सुसह्य झाल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

व्यंगचित्रांतील डबा : प्रवासी डब्याकडे गांभीर्याने पाहणाऱ्या पहिल्या चित्रकारांत फ्रान्समधील ऑनोरे दोम्ये यांचा समावेश होतो. राजाचे व्यंगचित्र काढल्याबद्दल तुरुंगवास भोगलेल्या या व्यंगचित्रकाराने आगगाडीच्या प्रवासावर अनेक शिलामुद्रिते केली आणि १८६० नंतर ‘तिसऱ्या वर्गाचा डबा’ हे विख्यात चित्र रंगविले. त्यात विनोद नाही. बाकावर बसलेली थकलेली माणसे आहेत. अमेरिकेत डब्यापेक्षा रेल्वेचे मालक हे लक्ष्य ठरले. पक या साप्ताहिकातील जोसेफ केप्लर यांच्या १८७९ सालच्या चित्रात विल्यम व्हँडरबिल्ट रुळांवर पाय रोवून उभा असलेला महाकाय पुतळा म्हणून दाखविले आहेत.

मुंबईत पार्सी पंच (१८५४) व त्याचेच पुढील रूप असलेले हिंदी पंच यांनी राजकीय व्यंगचित्राची परंपरा सुरू केली. मराठीत शं. वा. किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर मासिकातून या कलेस प्रतिष्ठा दिली. स्वातंत्र्योत्तर काळात आर. के. लक्ष्मण यांचा चौकटीच्या कोटातील सामान्य माणूस मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया या दैनिकातून रोज वाचकांस भेटू लागला. रेल्वेचे अंदाजपत्रक, भाडेवाढ, अपघात व गर्दी हे त्यांचे वारंवार येणारे विषय होत. मारिओ मिरांडा यांनी मुंबईच्या गर्दीतील चेहरे बारकाईने रेखाटले. लक्ष्मण यांचे फ्री प्रेस जर्नलमधील सहकारी बाळ ठाकरे यांनी १९६० मध्ये मार्मिक हे व्यंगचित्र साप्ताहिक काढले व त्यातून एका राजकीय पक्षाचा पाया घातला गेला. २००६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे निवडणूक चिन्ह रेल्वे इंजिन असून तिचे संस्थापक राज ठाकरे हेही व्यंगचित्रकार आहेत.

व्यंगचित्रकारास डबा सोयीचा वाटतो, याची कारणे त्याच्या रचनेतच आहेत. खिडक्यांची ओळ म्हणजे आयत्याच चौकटी. प्रत्येक खिडकीत एक चेहरा बसविता येतो. इंजिन, डबे व गार्ड यांतून नेता, घटक पक्ष व मागे राहिलेले यांचा संबंध शब्दांवाचून दाखविता येतो. भाषेनेही मोठा साठा पुरविलेला आहे : गाडी रुळावरून घसरणे, हिरवा कंदील मिळणे, गाडी चुकणे, साखळी ओढणे, रुमाल टाकून जागा धरणे, प्रतीक्षा यादीत असणे. पक्षांतर, जागावाटप व मंत्रिमंडळ विस्तार हे विषय या शब्दसंपदेत सहज मावतात. तथापि या प्रतिमेचा सर्वांत अर्थपूर्ण भाग म्हणजे दार होय. बाहेर असेपर्यंत ‘आत सरका’ म्हणणारा आत येताच ‘जागा नाही’ म्हणू लागतो, हा प्रत्येक उतारूचा अनुभव आहे व गांधींनी १९१७ मध्ये नोंदविलेलाही तोच. तो रेखाटताना चित्रकार सत्तेबरोबर वाचकालाही आरसा दाखवितो.

सांप्रत स्थिती : स्वतंत्र रेल्वे अंदाजपत्रकाची १९२४ पासूनची प्रथा २०१७ मध्ये बंद झाली, त्यामुळे दरवर्षीच्या व्यंगचित्रांचा एक ठरलेला प्रसंगही संपला. डब्यांविषयीचा वाद मात्र संपलेला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा व बदलापूर येथील उतारूंनी साध्या लोकल गाड्यांच्या जागी वातानुकूलित गाड्या सोडण्यास विरोध केला व मध्य रेल्वेने अशा दहा फेऱ्या मागे घेतल्या. नव्या सुखसोयींच्या डब्यामुळे साध्या तिकिटाच्या उतारूची जागा कमी होते, हे त्यांचे म्हणणे होते. वातानुकूलित वंदे भारत गाड्यांबरोबरच डिसेंबर २०२३ पासून साध्या डब्यांच्या अमृत भारत गाड्याही सुरू झाल्या.

२०२० सालच्या टाळेबंदीत प्रवासी गाड्या बंद असताना महाराष्ट्रातून परप्रांतीय मजुरांना घेऊन निघालेली पहिली विशेष गाडी १ मे रोजी रात्री नासिक रोड स्थानकावरून भोपाळकडे सुटली. अशीच गाडी भुसावळला मिळेल या आशेने जालन्याहून रुळांवरून पायी निघालेले सोळा मजूर ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ झोपेत मालगाडीखाली सापडून मृत्यू पावले. रुळांवरून चालणारा मजूर ही प्रतिमा त्या वर्षीच्या व्यंगचित्रांत पुनःपुन्हा आली. त्या चित्रांत बहुधा डबा दिसत नाही. प्रवासी डब्याच्या राजकीय अर्थाचा विचार करताना डब्यात बसलेल्यांच्या दर्जाइतकाच, ज्यांना डबा मिळालाच नाही त्यांचाही विचार करावा लागतो, हे या घटनेने दाखविले.